रिकामी गोणी

कोपरखैरण्यात नाट्यगृह नाही. नाटक बघायचं तर वाशीचं विष्णुदास भावे गाठायचं, नाहीतर ट्रान्स-हार्बरची गाडी धरून ठाण्याचं गडकरी रंगायतन. पण नाटक बघायला जशी जागा लागते तशी ते बसवायला लागत नाही, हे इथे राहून कळलं. सिडकोच्या रो-हाऊसचा तळमजला, सुट्टीच्या दिवशी ओळखीवर उघडून मिळालेला शाळेचा वर्ग, लग्नसराई नसेल तर समाजमंदिर. आणि यातलं काहीच जमलं नाही तर कुणाच्या तरी गच्चीवर, पाण्याच्या टाकीला विंग मानून. आमच्या हौशी मंडळाची नाटकं अशीच बसत आली. मी त्यात प्रॉम्प्टर.

व्यावसायिक नाटकांतून प्रॉम्प्टर आता जवळपास गेलाच. आमच्यासारख्यांकडे तो टिकून आहे, कारण आमचं पाठांतर शिफ्टच्या वेळांवर चालतं. संहिता मांडीवर, पेन्सिल कानावर आणि डोळे नटाच्या ओठांवर. फार मानाची जागा नाही ही. पोस्टरवर नाव असलंच तर सगळ्यात खाली, ‘विशेष आभार’च्या जरासं वर. पण माणसं नाटकाकडे का येतात, हा प्रश्न ज्याला पडलाय त्यानं प्रेक्षकांत बसू नये, विंगेत बसावं. समोरून नाटक दिसतं, बाजूनं नट दिसतो.

प्रश्न पडतो तो हिशेब जुळत नाही म्हणून. महाप्याच्या आणि पावण्याच्या कंपन्यांतून, वाशीच्या बँकेतून, कुठल्याशा दुकानाच्या काउंटरवरून सुटलेली माणसं रात्री साडेआठला जमतात. डबा बहुतेकांचा तसाच पिशवीत. अकरा वाजता निघतात, सकाळी सहाला उठतात. वर्गणी स्वतःची. नेपथ्याचा टेम्पो, लाईटवाला, कपडेपट, मेकअपवाले दादा, सगळ्यांचे पैसे रोख आणि प्रयोगाच्या आधी. एवढं करून पदरात पडतो तो स्पर्धेतला एक प्रयोग, फार तर गणपतीतला आणखी एक. घरी कुणी ना कुणी विचारतंच, “यातून मिळतं काय?” आणि समोरचा काहीतरी पुटपुटून चप्पल घालतो.

टाळ्यांसाठी, हे उत्तर सगळ्यात आधी येतं. मला ते कधीच पटलं नाही. रंगमंचावर उभं राहून एकदा समोर बघा. स्पॉट डोळ्यांत असतात, पहिल्या दोन रांगा धूसर दिसतात, मागे नुसता काळोख. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असेल तर त्या काळोखात तीन परीक्षक आणि आमचेच नातेवाईक. टाळी आलीच तर ती वाक्य संपल्यावर येते, तोवर नट पुढच्या वाक्याच्या तोंडाशी असतो. जो टाळीची वाट बघत थांबतो त्याला बाकीचे ओळखून असतात. त्याच्याबरोबर काम करताना त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी येते, ती मला विंगेतून दिसते. उद्या मालिकेत काम मिळेल, ही आशा तरुण पोरांना असते, असावीही. पण वीज कंपनीतून वर्षभरात निवृत्त होणारा गृहस्थ दुसऱ्या अंकातल्या सासऱ्यासाठी महिनाभर दाढी वाढवतो, त्याला कोणती मालिका बोलावणार आहे?

वाशीच्या नाट्यगृहावर ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांची गोष्ट या बाबतीत मला फार बोलकी वाटते. सांगलीच्या दरबारात कर्नाटकातल्या खेळियांचा खेळ झाला, राजे चिंतामणराव पटवर्धनांना तो आवडला, पण आपल्या भाषेत असं काही व्हावं असं त्यांच्या मनानं घेतलं आणि पदरच्या तरुण विष्णुदासांना त्यांनी ते करायला सांगितलं. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. म्हणजे मराठी नाटकाचा आरंभ कुणाच्या आतल्या ऊर्मीनं वगैरे झाला नाही, राजाच्या आज्ञेनं झाला. नोकरीचाच भाग तो. पुढे १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय सुटला. आज्ञा देणाराच राहिला नाही म्हटल्यावर मंडळींनी सोंगांच्या पेट्या बंद करून आपापल्या कामाला लागायला हवं होतं. लागली नाहीत. गाठोडी बांधून गावोगाव निघाली, १८५३ मध्ये मुंबईला पोचली, तिकीट लावून खेळ करू लागली. त्या नाटकांना लिहून दिलेले संवाद नसत. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापलं बोलणं जागच्या जागी रचायची. माझ्या धंद्याला तेव्हा वावच नव्हता. पण पहिल्या खेळानंतरच्या त्या दहा वर्षांत या लोकांच्या अंगात काय शिरलं असेल, ज्यामुळे हुकूम संपल्यावरही खेळ थांबला नाही, हे कोडं मला त्या नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना हमखास आठवतं.

आमच्या एका नाटकात शेजारणीची भूमिका होती. वाक्यं तीन. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दारात यायचं, तीन वाक्यं बोलायची आणि जायचं. ती करणारी बाई महाप्याला एका ऑफिसात काम करते, घरी दोन मुलं आणि सासूबाई. तीन वाक्यांसाठी ती रोज रात्री तालमीला यायची, आणि तिचा प्रवेश येईपर्यंत साडेदहा होऊन जायचे. मी एकदा म्हटलं, “ताई, तुम्ही शनिवार-रविवार आलात तरी चालेल. बाकीचे दिवस मी वाचून घेतो तुमचं.” तिला ते लागलं. म्हणाली, “अहो दादा, माझ्या वाक्यावर लाईट बदलतो.”

खरंच बदलत होता. ‘दिवेलागणीला दार उघडं ठेवू नये’ अशा अर्थाचं तिचं शेवटचं वाक्य होतं, आणि ते संपल्यावर घरातला पिवळा प्रकाश उतरून निळा चढायचा. लाईटवाल्याच्या कागदावर तो क्यू तिच्या नावापुढे लिहिलेला. ती म्हणाली, “घरी, ऑफिसात मी बोलते ते कुणी ऐकत नाही असं नाही. ऐकतात. पण मी बोलल्याशिवाय काही अडत नाही. इथे मी बोलले नाही तर संध्याकाळ होत नाही.”

तेव्हापासून मी तालमी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. नट आपलं वाक्य बोलतो तेव्हा काय होतं यापेक्षा तो दुसऱ्याच्या वाक्याची वाट बघतो तेव्हा काय होतं, ते बघायला लागलो. एरवी आपण कुणाचं बोलणं संपायची वाट बघतो ती आपलं सुरू करण्यासाठी. इथेही तसंच, पण एका फरकानं: समोरच्याचं वाक्य पडलं तर आपलंही पडणार, त्यामुळे त्याचं नीट जावं अशी आपल्याला त्याच्याइतकीच काळजी असते. एखादा अडखळला की मी पुटपुटायच्या आत समोरच्या नटाचे ओठ त्याच्या वाक्याच्या आकारात हललेले मी कितीदा पाहिलेत. आयुष्यात किती लोक आपलं पुढचं वाक्य मनातल्या मनात धरून उभे असतात?

आता आबांबद्दल. कोपरखैरणं हे माथाडींचं गाव आहे, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. त्यांना इथे उंच टॉवर आणि त्यांच्या खाली गाड्यांची रांग दिसते. पण मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं वाशीला आले, मशीद बंदर आणि भायखळ्याचा माल तुर्भ्याच्या बाजूला उतरू लागला, आणि तो उतरवणारी माणसं खाडीच्या या काठी राहायला आली. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतली. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि पुढे त्यांच्यासाठी सिडकोची छोटी छोटी घरं झाली. त्या घरांवर आता मजले चढलेत, खाली गाळे निघालेत, पण सकाळी अंधारात बाजाराकडे निघणाऱ्या टोळ्या अजून आहेत. टोळी हा त्यांचा शब्द. टोळीला मुकादम असतो, टोळीत गाडी फुटते आणि टोळीत मजुरी वाटली जाते.

आबा अशाच एका टोळीत उभा जन्म काढून निवृत्त झालेले. आमची तालीम ज्या घरात चालायची त्याच्या शेजारी राहायचे. संध्याकाळी बाहेरच्या कट्ट्यावर बसून दारातून बघत. कुणी आत या म्हटलं तर “न्हाई, हितनं बरं दिसतंय” म्हणत. तेव्हा बसत असलेल्या नाटकात बाजारातल्या हमालाचं एक पात्र होतं. आमचा पोरगा हुशार, एका एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस घेतलेला. गोणीत थर्माकोलचे तुकडे भरलेले. तो ती पाठीवर घेऊन वाकायचा, दात आवळायचा, कपाळाच्या शिरा फुगवायचा, एकेक पाऊल ओढत यायचा. आम्ही खूश. दिग्दर्शक खूश.

आबा कट्ट्यावरून म्हणाले, “गोणी रिकामी हाय, हे लांबनं कळतंय.”

पोरगा जरा वरमला. मग हसून म्हणाला, “आबा, दाखवा ना कसं ते.” आबा उठले. गुडघे दुखत होते म्हणून भिंतीला हात लावून आत आले. गोणीकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, “तोंडावर कशाला आणतोस? वज्याचं तोंडाला काय कळतं? सगळं हितं असतं,” आणि मांडीवर थाप मारली. “आन सावकाश कोण चालतं रे? पन्नास किलो मानंवर आलं की माणूस पळाय बघतो. बारीक पावलं, झपाझप. चालतोय तवर वजन हलकं. थांबला की वाढतं.” मग त्यांनी न उचललेली गोणी उचलून दाखवली. काहीच केलं नाही खरं तर. मान थोडी पुढे आली, गुडघे जरा सैल झाले, चेहरा पार कोरा. चार पावलं टाकली असतील. खोलीतलं बोलणं बंद झालं. पोरग्याचं बक्षीस त्या चार पावलांत आम्ही सगळे विसरलो, आणि तोही विसरला, हे त्याचं मोठेपण.

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्यात आणि पुढे टांझानियात त्यांनी व्यवसाय केला, आणि १९६९ साली, चाळिशी उलटून गेल्यावर, तो सोडून पूर्णवेळ नट झाले. दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १९७० मध्ये, शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आलं आणि अप्पासाहेब बेलवलकर त्यांच्या खांद्यावर बसले. या माणसानं आपल्या आत्मचरित्राला नाव काय द्यावं? ‘लमाण’. माल नाटककाराचा, घेणारा प्रेक्षक, आपण मधले वाहून नेणारे, अशी ती भूमिका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो विनय वाटला होता, मोठ्या माणसांना शोभतो तसला. आबांची चार पावलं बघितल्यावर वाटलं, विनय कसला, ही तर कामाची अगदी तांत्रिक माहिती आहे. माल आपला नसतो म्हणून तो नीट उचलावा लागतो. स्वतःचं दुःख माणूस कसंही उचलतो, फरफटत नेतो, टाकून देतो, त्यात खोट काढायला कुणी येत नाही. दुसऱ्याचं दुःख उचलायचं तर गुडघे कुठे सैल सोडायचे ते शिकावं लागतं.

बेलवलकरांचं ओझं पुढे दत्ता भटांनी वाहिलं, सतीश दुभाषींनी वाहिलं, यशवंत दत्तांनी वाहिलं. प्रत्येकाची चाल निराळी, असं ज्यांनी ते प्रयोग बघितलेत ते सांगतात आणि कोण श्रेष्ठ यावर अजूनही तावातावानं भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. मला कुतूहल आहे ते दुसऱ्यानं वापरून झिजवलेलं ओझं आपण होऊन मागून घेण्याचं. सरळ विचार केला तर नवी भूमिका मागावी, जिथे तुलना होणार नाही. नट मात्र नेमकं तेच मागतो जे आधीच्यानं उचलून दाखवलेलं असतं.

हमालीची उपमा इथवर चालते आणि मग मोडते. हमालाला गोणी खाली टाकल्यावर बरं वाटतं. नटाला वाटत नाही. शेवटच्या प्रयोगानंतर सेट सोडवताना, टेम्पोत फ्लॅट चढवताना, रात्री दीड वाजता स्टेशनाबाहेर उघड्या सापडलेल्या गाडीवर वडापाव खाताना सगळे फार मोठ्यानं हसत असतात, आणि घरी गेल्यावर पुढचे आठ दिवस साडेआठच्या ठोक्याला कुठे जायचं ते कळत नाही. गटावर कुणीतरी उगाच विचारतं, “काय चाललंय?” उत्तरं येतात ती अंगठ्याच्या चित्रांची.

एवढं सगळं गोड मी लिहितोय खरं, पण नाटकाची मंडळी काही संतमंडळी नाहीत. पोस्टरवरच्या नावांच्या क्रमावरून आमच्यात अबोले झालेत. भूमिका गेली म्हणून एकानं प्रयोगाच्या दिवशी फोन बंद ठेवला होता. आणि हे आपल्या नाटककारांनी आपल्याआधी बघून ठेवलंय. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे मुळात राज्य स्पर्धेसाठी लिहिलेलं नाटक; १९६७ मध्ये ‘रंगायन’नं केलं, अरविंद देशपांड्यांनी बसवलं, सुलभा देशपांडे त्यात बेणारेबाई झाल्या. त्यातली टोळीही हौशीच, गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली. कोण कोण आहे त्यात? अशील न मिळणारा वकील, इंटर नापास झालेला आणि शास्त्रज्ञाचा आव आणणारा एक, समाजकार्याचा टेंभा मिरवणारा एक. बाहेरच्या जगात ज्यांचं कुणी ऐकत नाही असे हे लोक खेळातल्या कोर्टात एका जिवंत बाईला कोपऱ्यात घेतात. नाटकाकडे माणसं का ओढली जातात याचं यापेक्षा कडवट उत्तर मराठीत कुणी दिलेलं नाही: जे बळ आयुष्यानं दिलं नाही ते इथे फुकट मिळतं, आणि ते कुणावर तरी वापरायचा मोह होतो. महाप्याच्या ताईला संध्याकाळ पाडता येते यातही ते बळ आहेच. ती ते कुणावर उगारत नाही, एवढंच.

गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’मध्ये हाच प्रश्न मालवणीत विचारला आणि प्रेक्षकांना हसवून हसवून बेजार केलं. कोकणातल्या गावात महाभारतातलं नाटक लागलंय, काहीही धड होत नाही आणि तरी नाटक चालूच राहतं. मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच बघताना थिएटर कोसळायचं. पण त्या हसण्यात नाटकवाल्यांचं हसू मला नेहमी जरा वेगळं ऐकू येतं. बाकीचे दुसऱ्यांना हसत असतात, आणि नाटकवाल्याला आपल्याही एन्ट्रीला दार अडकलं होतं ती रात्र आठवत असते.

एका गोष्टीवर माझं आमच्या दिग्दर्शकाशी कधीच पटत नाही. नव्या मुलांना नाटकाची निष्ठा समजावताना तो बालगंधर्वांची गोष्ट सांगतो. १९११ साली किर्लोस्कर मंडळीनं खाडिलकरांचं ‘मानापमान’ मुंबईत आणलं. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि ते त्या रात्री भामिनी म्हणून उभे राहिले. मुलं गंभीर होतात, एखादीच्या डोळ्यांत पाणी येतं. मला ही गोष्ट निष्ठेचा धडा म्हणून सांगितलेली आवडत नाही. निष्ठा म्हटलं की पुढचा प्रश्न असा येतो की तू आजारी आईला सोडून तालमीला येशील का, आणि तो प्रश्न रोजंदारीवरच्या पोराला विचारायचा कुणाला अधिकार नाही. त्या रात्री काय झालं असेल ते मला वेगळं दिसतं. अख्खी नाटक मंडळी, नवं नाटक, भरलेलं थिएटर, तिकिटाचे पैसे, पोटं त्यावर अवलंबून असलेली कितीतरी माणसं, हे तर होतंच. पण त्या घरात, त्या दिवशी, बापाला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. थिएटरात मात्र भामिनीला सगळं करायचं होतं: गायचं, रुसायचं, हसायचं, आणि प्रत्येक वेळी समोरचा वाट बघत असणार. कदाचित पाय आपोआप तिकडे वळले असतील. मी हे दिग्दर्शकाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तू प्रॉम्प्टर आहेस, लेखक नाहीस.” खरं आहे.

२०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आम्ही मोबाईलवर नाटक वाचायचा उद्योग केला. चौकोनात एकेक चेहरा. सगळ्यांना वेळ होता, प्रवास नव्हता, हवा तो नट हवा तेव्हा हजर. चारेक रात्रींत ते आपोआप बंद पडलं. कारण कुणी बोललं नाही, पण मला वाटतं ते साधं होतं. आवाज अर्ध्या क्षणानं उशिरा पोचायचा. तेवढ्यात कुणाचंही कुणावाचून अडेनासं व्हायचं. त्या काळात नाटकाच्या बसवर, पडद्यामागच्या कामावर ज्यांचं घर चालायचं त्यांचे हाल झाले. आमच्यासारख्या हौशींचं दुःख त्यापुढे चैनीचं. तरीही पहिल्यांदा मास्क लावून परत रो-हाऊसच्या त्या खोलीत जमलो तेव्हा दहा मिनिटं कुणी संहिता उघडली नव्हती. नुसते एकमेकांच्या मधे येत होतो, धडकत होतो, सॉरी म्हणत होतो.

नाटकाच्या ओढीला शिक्षण, धंदा, गाव काही आडवं येत नाही, हे तर दिसतंच. राम नगरकरांचं केशकर्तनालय होतं, निळू फुले माळीकाम करायचे, दादा कोंडके अपना बाजारात नोकरीला होते. अलीकडे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ गाजलं, त्यातली कितीतरी मंडळी जालना जिल्ह्याच्या जांबसमर्थकडची, शेतीतली. यांच्यातल्या कुणाला नाटक पोटासाठी होतं, कुणाला पोट बाजूला ठेवून. पुण्या-मुंबईच्या लेखांत याला ‘तळागाळातली प्रतिभा’ वगैरे म्हणतात, तेव्हा मला गंमत वाटते. तळागाळात प्रतिभा असते हे आश्चर्य कुणाचं, तर वरच्यांचं.

आबांनीही नाटक केलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गावच्या जत्रेत मुंबईकर मंडळी ऐतिहासिक नाटक बसवायची, त्यात ते तरुणपणी पहारेकरी होते. संवाद एकही नाही. पडदा उघडायच्या आधी भाला घेऊन सिंहासनाच्या मागे उभं राहायचं ते अंक संपेपर्यंत. “पाय सुजायचे,” आबा म्हणाले. “डास चावायचे. हात वर न्यायची सोय न्हाई. मी मास्तरला म्हनलं, मला कोन बगतंय, जरा टेकू का? तर मास्तर म्हनले, तू हललास की राजा खोटा पडंल.”

“मग?”

“मग काय. न्हाई हललो.” आबांनी हे अशा सुरात सांगितलं की जणू त्या राजाचं राज्य अजून त्यांच्याच भरवशावर चाललंय.

आमच्या नव्या नाटकाचं वाचन परवा सुरू झालं. गृहनिर्माण सोसायटीच्या ऑफिसात घडणारं आहे. पुरुष पात्रं आठ आणि आमच्याकडे सध्या पाच. एकाची रात्रपाळी लागलीय, एक पनवेलला राहायला गेलाय पण येईन म्हणतोय. महाप्याच्या ताईला यंदा मोठी भूमिका दिलीय, तर ती पहिल्या वाचनाला लाईटवाल्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होती. नाटकात एक वॉचमन आहे. पूर्ण दुसरा अंक दारात उभा, तोंडातून अक्षर नाही. सगळ्यांच्या मनात एकाच वेळी एकच नाव आलं. दिग्दर्शक आणि मी आबांकडे गेलो. गुडघ्यांचं कारण सांगतील, असं वाटलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला.

“उभा ऱ्हाईन मी,” ते म्हणाले. “पर राजा कोन हाय?”

“राजा नाहीये आबा यात. सोसायटीचा चेअरमन आहे.”

“त्येच ते. कोन करतोय चेअरमन?”

दिग्दर्शकानं नाव सांगितलं. वीज कंपनीतले, दाढीवाले.

आबांनी कप खाली ठेवला. “उद्या धाडा त्येस्नी माझ्याकडं. आधी बगतो, मग सांगतो.”